डिचोलीची खाण, पेडण्याचा विमानतळ आणि सरकारी निर्णय

गोव्याच्या खाणपट्ट्यातील रोजगार बाजारापेक्षा सरकारी कागदाने जास्त ठरवला आहे. डिचोली तालुक्यातील शिरगाव, मये, मुळगाव, लामगाव आणि पिळगाव या गावांच्या पोटात लोखंडाचे खनिज आहे. ते कोणी काढायचे, किती काढायचे आणि त्यावर किती कर भरायचा, हे गेली शंभराहून अधिक वर्षे राज्यकर्त्यांनी ठरवले. ट्रकमालक, बार्जवरचे खलाशी, गॅरेजवाले आणि खाणीच्या फाटकाबाहेरचे चहावाले यांचे दिवस त्या निर्णयांवर बेतले गेले.

पोर्तुगीज सरकारने १९०६ च्या खाण कायद्याखाली कायमस्वरूपी सवलती देण्याची पद्धत घातली. प्रत्यक्ष खोदकामाला वेग आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. पोलाद कारखाने पुन्हा उभे करणाऱ्या जपानला कच्चा माल हवा होता. दुसरीकडे भारताने १९५० च्या दशकात गोव्यावर आर्थिक निर्बंध घातल्यामुळे पोर्तुगीज प्रशासनालाही परकीय चलनाची गरज होती. सुरुवातीला मजूर, त्यांत बायकाही पुष्कळ, हातोड्याने खनिज फोडत आणि पाट्यांतून वाहत. पुढे यंत्रे आली आणि कामाचे स्वरूपच बदलले. डोंगर पोखरणारी पोकलेन, धुऊन माल सुधारणारे प्रकल्प, नदीकाठचे धक्के, तिथून मांडवी-जुवारीतून मुरगावकडे जाणारे बार्ज अशी साखळी तयार झाली. पिळगावच्या सारमानस धक्क्यावरून भरलेला बार्ज पणजीसमोरून समुद्राकडे जाई. गोवामुक्तीनंतर केंद्राने १९६३ मध्ये मुरगावला मोठ्या बंदराचा दर्जा दिला. खाण खाजगी होती, पण तिचा माल जगात पोहोचवणारी वाट सार्वजनिक पैशाने बांधली गेली, हे विसरून चालत नाही.

यंत्रांनी खाणीतले हातकाम घटवले आणि वाहतुकीतले वाढवले. डिचोलीतील कित्येक कुटुंबांनी शेत विकून किंवा बँकेचे कर्ज काढून ट्रक घेतला. कंपनीने स्वतःची वाहने बाळगण्याऐवजी गावातल्याच ट्रकमालकांना फेऱ्या दिल्या. त्यामुळे पगारी नोकर न होता माणूस कर्जदार-मालक झाला. त्याला ना भविष्यनिर्वाह निधी, ना नोकरीची हमी, आणि हप्ता मात्र दर महिन्याला. पुढच्या संकटाची तीव्रता या रचनेत दडलेली होती. सरकारने तिच्याकडे कामगारांचा प्रश्न म्हणून वेळीच पाहिले नाही.

जुन्या सवलतींचे कायदेशीर स्थान १९८७ पर्यंत लोंबकळत राहिले. त्या वर्षी संसदेने सवलती रद्द करून त्यांना २० डिसेंबर १९६१ पासूनचे खाणपट्टे ठरवले. पट्ट्यांचे पहिले नूतनीकरण २२ नोव्हेंबर २००७ ला संपले, तरी खोदकाम चालूच राहिले. नेमकी तीच चीनची मागणी उसळण्याची वर्षे होती. पूर्वी डंपात टाकलेला कमी प्रतीचा मालही विकला जाऊ लागला आणि २०१०-११ च्या सुमारास गोव्याची निर्यात वर्षाला पाच कोटी टनांच्या घरात गेली. ट्रकांच्या रांगा, धूळ, अपघात, आटलेल्या विहिरी आणि शेतात उतरणारा लाल गाळ यांनी गावे हैराण झाली. त्याच गावांतून फेऱ्या वाढवा अशी मागणीही होत होती. २००९ मध्ये स्वामित्वधन विक्रीमूल्याच्या १० टक्के झाले, २०१४ मध्ये १५ टक्के. केंद्राने २०११ च्या अखेरीस निर्यात शुल्क ३० टक्क्यांवर नेले. दिल्लीतल्या अर्थसंकल्पाचा एक आकडा डिचोलीतल्या ट्रकच्या फेऱ्यांचा हिशेब बदलत असे.

बेकायदेशीर खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत आला. राज्य सरकारने खाणकाम थांबवले, पाठोपाठ केंद्राने पर्यावरण परवाने स्थगित केले आणि ऑक्टोबरमध्ये गोवा फाउंडेशन या पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने २००७ नंतरचे खोदकाम बेकायदेशीर ठरवले, उत्खननावर वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीतून आलेल्या रकमेचे १० टक्के कायमस्वरूपी निधीत ठेवण्यास सांगितले. खनिज एकदाच निघते, म्हणून त्याच्या मोलाचा वाटा पुढच्या पिढ्यांसाठी राखला पाहिजे, हा विचार गोव्याच्या अर्थकारणात प्रथमच न्यायालयाच्या आदेशातून आला. हे काम विधिमंडळाने कधीच करायला हवे होते.

बंदीच्या काळात सरकारने ट्रक आणि बार्जमालकांना अर्थसाहाय्य दिले, कर्जफेडीच्या योजना आणल्या. आधी काढलेल्या मालाचा ई-लिलाव झाला, ट्रकांवर जीपीएस बसले आणि खनिजाच्या वाहतुकीचा हिशेब संगणकावर आला. मदत मिळाली ती मुख्यतः यंत्राच्या मालकाला. चालक, क्लीनर, गॅरेजमधील मिस्त्री यांच्या नावावर वाहन नव्हते, म्हणून तेच सर्वांत कमी मोजले गेले. दरम्यान राज्याने लिलावाऐवजी ८८ पट्ट्यांचे पुन्हा नूतनीकरण केले. ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने तेही रद्द केले आणि मार्चमध्ये खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या. २०१५ च्या सुधारित कायद्याने लिलाव सक्तीचा होण्याच्या तोंडावर जुन्यांनाच पट्टे देण्याचा हा निर्णय डिचोलीला बरीच वर्षे महागात पडला.

अखेर डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्या गटांचा लिलाव झाला. सुमारे ४७८ हेक्टरांचा डिचोली गट वेदांता कंपनीने जिंकला आणि २०२४ मध्ये तिथे काम सुरू झाले. बोलीची रक्कम राज्याच्या तिजोरीत जाते, हा मोठा बदल आहे. त्याच वेळी खाणग्रस्त भागासाठीच्या जिल्हा खनिज निधीचा दर लिलावातील पट्ट्यांसाठी स्वामित्वधनाच्या १० टक्के, तर जुन्या पट्ट्यांसाठी ३० टक्के आहे. म्हणजे राज्याची कमाई वाढते त्या प्रमाणात खाणग्रस्त गावाचा वाटा वाढत नाही. याकडे गावांनी जागरूकपणे पाहायला हवे.

पेडणे तालुक्याची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. मोपा पठारावरील विमानतळ सार्वजनिक-खाजगी भागीदारीतून बांधला गेला. कंपनी जीएमआर, करार ४० वर्षांचा, राज्याला उत्पन्नाचा ३६.९९ टक्के वाटा. पायाभरणी नोव्हेंबर २०१६ मध्ये झाली. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण मंजुरीला स्थगिती दिली आणि जानेवारी २०२० मध्ये ती उठवली. ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला ४४ लाख प्रवाशांची. शेजारच्या तुयेत इलेक्ट्रॉनिक्स उत्पादनाचे संकुल राज्याने आखले.

विमानतळावर सुरक्षा, सामान हाताळणी, स्वच्छता, हॉटेल आणि वाहतूक अशी कामे निघतात. त्यांपैकी बरीच कंत्राटी असतात आणि इंग्रजी-हिंदी बोलता येणाऱ्याला आधी मिळतात. म्हणूनच मोपाजवळ विमान वाहतुकीशी निगडित कौशल्यांचे प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. तरीही पठारावरची जमीन गेलेल्या चाळिशीपलीकडच्या शेतकऱ्याला त्याचा उपयोग मर्यादित. टॅक्सीचालकांनी विमानतळावर स्वतंत्र काउंटरसाठी आंदोलने केली, कारण विमानतळाभोवतीचा तेवढाच धंदा त्यांना स्वतःच्या गाडीने करता येण्याजोगा होता. दोडामार्ग, सावंतवाडी, बांदा येथून रोज सीमा ओलांडून येणारे तरुणही त्याच नोकऱ्यांसाठी अर्ज करतात. गोव्याचा रोजगार मेळा त्यांना परका मानतो, तर महाराष्ट्राच्या आकडेवारीत त्यांचे काम दिसत नाही. तिळारी धरणाच्या पाण्यासाठी दोन्ही राज्यांनी एकत्र प्रकल्प केला. सीमेवरच्या कामगारांच्या कौशल्यासाठी आणि नोंदीसाठी तसे काही अद्याप नाही.