आईने काढलेली तबकडी आणि जपानची ‘टेके-टेके’

दुपारी झाकपाक करून घटकाभर पाठ टेकावी आणि नेमकी तेव्हाच शेजारच्या खोलीतून गिटारीची टणटण सुरू व्हावी, असं तुमच्याकडे होतं का हो? आमच्याकडे रोज होतं. चिरंजीव आठवीत आहेत. परवा मी वैतागून म्हटलं, “अरे, याला गाणं तरी कसं म्हणायचं? ना शब्द, ना अर्थ!” तर म्हणतो कसा, “आई, या बिनशब्दांच्या वाजवण्यानं अख्खं जपान वेडं झालं होतं!” पोरं काय, काहीही सांगतात, म्हणून मी जरा खोलात शिरले. आणि बघते तो काय, ते खरंच निघालं!

गोष्ट सुरू होते अमेरिकेत. वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा शहरातले डॉन विल्सन आणि बॉब बोगल हे बांधकामावर राबणारे दोन तरुण. १९५८ साली त्यांची ओळख झाली. दोघांनाही गिटारीचा नाद. गहाणवटीच्या दुकानातून स्वस्तातल्या गिटारी आणून ते आपले आपणच शिकले. जॉनी स्मिथ या जाझ वादकाची ‘वॉक, डोन्ट रन’ नावाची एक चाल होती. ती त्यांनी सोपी करून रॉक अँड रोलच्या जोरकस ठेक्यावर बसवली. पण या नवख्यांची तबकडी काढणार कोण?

इथे मैत्रिणींनो, डॉनची आई पुढे आली. जोसी विल्सन तिचं नाव. या बाईने मुलासाठी ‘ब्लू होरायझन’ नावाची छोटीशी रेकॉर्ड कंपनीच काढली आणि १९६० साली ती तबकडी बाजारात आणली. सिएटलच्या रेडिओवर ती वाजू लागली, डॉल्टन या कंपनीने ती उचलली, आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ती थेट दुसऱ्या क्रमांकावर पोचली. या मंडळींच्या वाद्यवृंदाचं नाव ‘द व्हेंचर्स’.

१९६२ साली जपानहून बोलावणं आलं. पण चौघांचा खर्च परवडेना, म्हणून विल्सन आणि बोगल दोघेच गेले. १९६५ च्या जानेवारीत मात्र सगळा संच गेला आणि विजेच्या गिटारीचा तो कडकडाट ऐकून जपानी मुलं अक्षरशः खुळावली. तारांवरून बोट सर्रकन खाली आणताना येणाऱ्या आवाजाला त्यांनी ‘टेके-टेके’ असं नावच पाडलं. गिटारी धडाधड खपू लागल्या, गल्लोगल्ली पोरांचे संच निघाले.

आणि मग व्हायचं तेच झालं. पालक धास्तावले, शिक्षक संतापले. आशिकागा नावाच्या शहरात तर १९६५ साली शिक्षण मंडळाने शाळकरी मुलांना विजेच्या गिटारीची बंदीच घातली! मी स्वतः अर्धवेळ शिकवते, त्यामुळे त्या शिक्षकांना मी हसणार नाही. मुलाचं लक्ष अभ्यासातून उडालं की पोटात कसा गोळा येतो, हे आपल्याला का ठाऊक नाही? पण बंदीने नाद सुटला नाही, एवढं खरं.

परक्या देशात हे इतकं रुजलं कसं? मला वाटतं, शब्द नव्हते हेच त्याचं बळ. इंग्रजी कळण्याची गरजच नव्हती. चाल सरळ, गुणगुणण्याजोगी. चार मित्र मिळाले की घरी बसवता येणारी. पुढे तर उलटंच झालं. व्हेंचर्सच्या चालींवर जपानी शब्द चढले. १९७० साली युको नागिसा या गायिकेने त्यांच्या चालीवर गायलेलं क्योतो शहराचं गाणं तिथे पहिल्या क्रमांकावर गेलं. अमेरिकनांची चाल आणि जपानी बाईचं मन, कसं जुळलं बघा!

रेडिओवर ही गिटार ऐकून झपाटलेल्या एका शाळकरी मुलावर सुनाओ आशिहारा यांनी कादंबरी लिहिली आणि १९९१ साली तिला जपानमधलं मानाचं नाओकी पारितोषिक मिळालं. २०१० साली जपान सरकारने व्हेंचर्सला ‘उगवत्या सूर्या’चा सन्मान दिला. ज्या वाजवण्याला शाळेने दार लावलं, त्याला सरकारने मान दिला! त्या चौघांपैकी शेवटचा, आपल्या जोसीबाईंचा डॉन, २०२२ साली गेला. ढोल वाजवणारा मेल टेलर १९९६ साली वारल्यावर त्याचा मुलगा लिऑन बापाच्या जागी बसला.

हे सगळं वाचल्यावर मी काही गिटारीची कंपनी काढायला निघाले नाही! पण ओरडणं थांबवलं. आमच्यात बोली झाली आहे: अभ्यास आटोपल्यावर संध्याकाळी सहा ते सात वेळ त्याची. दार लोटलेलं, आवाज बेताचा, परीक्षेच्या दिवसांत अर्धाच तास. दुपारची माझी झोप मला परत मिळाली आणि त्याची कुरकुरही थांबली. तुम्हीही करून बघा.

त्या तासाला मी शेजारी बसून भाजी निवडते. काल बघते तर माझाच पाय ठेका धरत होता. त्याला मात्र सांगू नका हं!