ग्रॅनाडाचे राज्य टिकले असते तर

ग्वाल्हेरला लष्करमधल्या महाराज बाड्यावर नवखा पाहुणा आला की त्याला इमारती दाखवतात: टाउन हॉल, व्हिक्टोरिया मार्केट, टपाल कार्यालय, स्टेट बँक, गोरखीचा दरवाजा. मी त्याला आधी तारखा सांगेन. नोव्हेंबर १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. जून १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी इंग्रज अधिकारी माल्कमपुढे हार पत्करली. शिंद्यांची गादी मात्र १९४८ साली मध्य भारत संघ होईपर्यंत चालू राहिली. म्हणजे पेशवाई बुडाल्यावरही इथे एक मराठी राज्य एकशेतीस वर्षे उभे होते.

आयबेरियात, म्हणजे आजच्या स्पेन-पोर्तुगालच्या भूमीवर, मुसलमानी सत्ता आणखी टिकली असती तर काय झाले असते, हा जर-तरच्या इतिहासातला आवडता प्रश्न आहे. त्याचा विचार शिस्तीने करायचा असेल, तर महाराज बाड्याचा हा चौक फार उपयोगी पडतो.

पहिली शिस्त अशी की बदल शक्य तितका लहान धरायचा. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासरावांना लागायची गोळी हुकते आणि पुढचा सगळा इतिहास वळतो. प्रत्यक्षातही पानिपतावर असाच एक धागा तुटता तुटता राहिला. पायाला जबर जखम झालेल्या महादजी शिंद्यांना राणे खान नावाच्या भिश्त्याने वाचवले. तो त्या वाटेने आला नसता, तर शिंद्यांची उत्तरेतली सत्ता जशी घडली तशी घडली नसती.

दुसरी शिस्त अधिक अवघड आहे. ‘टिकले असते’ म्हणताना कसे टिकले असते, ते सांगावे लागते. यासाठी आयबेरियातले शेवटचे मुसलमानी राज्य, ग्रॅनाडा, याचा खरा इतिहास आधी पाहू. १२१२ मध्ये लास नावास दे तोलोसाच्या लढाईत अल्मोहाद या मुसलमानी राजघराण्याचा कणा मोडला. १२३६ मध्ये कोर्दोबा गेले, १२४८ मध्ये सेव्हिल. या पडझडीत इब्न अल-अहमर या सरदाराने १२४६ मध्ये कास्तील या ख्रिस्ती राज्याच्या तिसऱ्या फर्नांदोशी तह केला. त्याने हाएन शहर सोडले, वर्षाला दीड लाख माराव्हेदी खंडणी कबूल केली आणि मांडलिकी पत्करली. दोन वर्षांनी सेव्हिलच्या वेढ्यात त्याचे घोडदळ फर्नांदोच्या बाजूने, मुसलमान सेव्हिलविरुद्ध उभे होते. त्या किमतीवर त्याच्या वंशाने ग्रॅनाडा १४९२ पर्यंत राखले. आपण ज्याला ‘असते तर’ म्हणतो, त्यातली अडीचशे वर्षे मुळात घडलेलीच आहेत.

ग्वाल्हेरनेही हीच किंमत मोजली. इंग्रजांविरुद्धच्या उठावात १ जून १८५८ रोजी तात्या टोपे, रावसाहेब आणि झाशीची राणी ग्वाल्हेरवर चालून आले. इंग्रजांच्या बाजूने राहिलेल्या जयाजीराव शिंद्यांचे बहुतेक सैन्य त्यांना जाऊन मिळाले आणि स्वतः जयाजीराव आग्र्याला गेले. रावसाहेबांनी इथे दरबार भरवून नानासाहेबांना पेशवे म्हणून जाहीर केले. त्याच महिन्यात राणी लढता लढता पडली, इंग्रज सेनापती ह्यू रोझने शहर घेतले आणि जयाजीराव पुन्हा गादीवर बसले. मराठी मनाला हे आजही बोचते, आणि बोचलेच पाहिजे. पण टिकण्याची यंत्रणा समजून घ्यायची, तर हा प्रसंग गाळता येत नाही.

आता खरी कसोटी. ग्रॅनाडा बुडाले ते घरच्या भांडणाने, असे सर्रास सांगतात. बाप अबुल हसन, मुलगा बोअब्दिल आणि काका अल-झघल एकमेकांशी लढत होते, हे खरे आहे. पण ग्वाल्हेरमध्ये काय निराळे होते? दौलतराव शिंदे १८२७ मध्ये निपुत्रिक वारले. त्यांची विधवा बायजाबाई आणि दत्तक जनकोजीराव यांचे बिनसले आणि १८३३ मध्ये बायजाबाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले. १८४३ मध्ये जनकोजीरावही निपुत्रिक गेले, पुन्हा दत्तक, पुन्हा दरबारात तट. त्या वर्षी २९ डिसेंबरला महाराजपूर आणि पनिहार येथे एकाच दिवशी दोन लढाया होऊन शिंद्यांचे सैन्य हरले. राज्य खालसा करायला इंग्रजांना याहून सोयीची वेळ नव्हती.

तरी गव्हर्नर जनरल एलेनबरोने ते खालसा केले नाही. त्याच वर्षी त्याने सिंध गिळले होते आणि सतलजपलीकडे लाहोरची शीख फौज उभी होती. ती आणि ग्वाल्हेरची फौज एक होऊ नये, ही त्याची धास्ती होती. म्हणून त्याने शिंद्यांचे सैन्य कापले, इंग्रज अधिकाऱ्यांखालची कंटिंजंट फौज वाढवली, तिचा खर्च राज्यावर टाकला आणि गादी ठेवली. बलाढ्य शेजाऱ्याला दुसरीकडे काम होते, म्हणून राज्य वाचले. हाच मुद्दा मला निर्णायक वाटतो.

तो उलटूनही तपासता येतो. जनकोजीराव दहा वर्षे उशिरा वारले असते तर? तेव्हा गव्हर्नर जनरल डलहौसी होता; दत्तक नामंजूर करून त्याने सातारा, नागपूर आणि झाशी घेतली. पण ग्वाल्हेर नक्कीच गेले असते, असे म्हणण्याआधी चंबळेपलीकडचे करौली आठवावे. तिथे डलहौसीला खालसा करायचे असूनही लंडनच्या संचालकांनी दत्तक मान्य केले. तेव्हा ‘गेले असते’ऐवजी ‘धोका फार वाढला असता’ इतकेच प्रामाणिकपणे म्हणता येते.

हे माप ग्रॅनाडाला लावून पाहू. बोअब्दिलला शूर किंवा शहाणा करून भागत नाही. वळण कास्तीलमध्ये शोधावे लागते, आणि ते सापडते. १४७४ मध्ये तिथला राजा चौथा एन्रिके वारला आणि त्याची बहीण इसाबेल व मुलगी हुआना यांच्यात वारसायुद्ध पेटले. हुआनाच्या पाठीशी पोर्तुगालचा राजा होता. १४७९ पर्यंत निकाल इसाबेलच्या बाजूने लागला. तिचा नवरा त्याच साली आरागॉनच्या गादीवर आला, आणि १४८२ मध्ये ग्रॅनाडाचे अल्हामा पडून दहा वर्षांचे युद्ध सुरू झाले. डोंगरी किल्ले एकेक करून तोफांनी फोडायला पैसा आणि उसंत लागते. वारसायुद्ध आणखी दहा-पंधरा वर्षे रेंगाळले असते, तर ती उसंत मिळाली नसती. ग्रॅनाडा खंडणी भरत सोळाव्या शतकात शिरले असते, असे मला वाटते. कोर्दोबाचे वैभव परत आले असते, असे मात्र मुळीच नाही.

मग अशा दुबळ्या राज्याचा उपयोग काय? याचेही उत्तर ग्वाल्हेरमध्ये आहे. हद्दू खाँ, हस्सू खाँ हे गवई या दरबारात वाढले. त्यांचे शिष्य वासुदेवबुवा जोशी, आणि त्यांच्याकडे शिकून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ख्याल महाराष्ट्रात आणला. दरबार फौज गमावूनही गवई, शास्त्री आणि कारकून पोसत राहिला. ग्रॅनाडात शरणागतीच्या वेळी मुसलमानांना धर्म आणि कायदा राखण्याची वचने दिली होती. ती दहा वर्षांच्या आत मोडली गेली. आर्चबिशप सिस्नेरोसच्या मोहिमेत अरबी ग्रंथांची होळी झाली आणि १५०२ मध्ये कास्तीलमधल्या मुसलमानांना बाप्तिस्मा किंवा देशत्याग, एवढाच पर्याय उरला. खंडणी भरणारा का होईना, अल्हाम्ब्राच्या राजवाड्यात स्वतःचा सुलतान असता, तर ते ग्रंथ, ते काझी आणि ती अरबी बोली आणखी पिढी-दोन पिढ्या तरी राहिली असती.