कोड बदलला, डॉक्युमेंटेशन कधी बदलणार?

पनवेलमधली एखादी इंजिनिअरिंगची मुलगी सीनिअरच्या नोट्समधला पायथनचा पहिला प्रोग्राम जसाच्या तसा टाइप करते आणि पहिल्याच ओळीला एरर येते. चूक तिची नसते. पायथन २ मध्ये ‘प्रिंट’पुढे कंस लागत नव्हते, पायथन ३ मध्ये ते सक्तीचे झाले. १ जानेवारी २०२० ला पायथन २ चा अधिकृत सपोर्ट संपला, तरी जुन्या नोट्स फिरतच राहिल्या.

गैरसमज : जुनं का होईना, काहीतरी असलेलं बरं.
माहिती नसली तर माणूस कुणाला तरी विचारतो. चुकीची असली तर तिच्यावर विश्वास ठेवतो आणि ‘आपल्यालाच जमत नाही’ म्हणून बसतो. नवशिक्यांची उमेद अशीच जाते, म्हणून निदान आवृत्ती तरी लिहावीच. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये कोणत्या आवृत्तीवर काम केलंय, हे सुरुवातीलाच सांगतात. ते धडे मराठीतही आहेत : पडद्यावर इंग्रजी, आवाज मराठी. पण मेन्यूतलं एक बटण हललं, की चित्रीकरण, अनुवाद, आवाज सगळं पुन्हा करावं लागतं. त्यामुळे भाषांतरित माहिती मूळ माहितीच्याही मागे पडते.

गैरसमज : ‘अजाइल’मध्ये डॉक्युमेंटेशन लागत नाही.
‘अजाइल’ या सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीच्या २००१ च्या जाहीरनाम्याने सविस्तर कागदपत्रांपेक्षा चालणाऱ्या सॉफ्टवेअरला अधिक मान दिला. कागदपत्रांनाही मोल आहे, हेही तिथेच लिहिलंय.

गैरसमज : कोड स्वच्छ असला की पुरे.
कोड काय करतो ते त्यात दिसतं; का करतो ते नाही. समजा, घरपट्टीच्या एखाद्या प्रोग्राममध्ये १ ऑक्टोबर २०१६ या तारखेची अट आहे. त्या दिवशी पनवेल नगरपरिषदेची महानगरपालिका झाली, हे शेजारी लिहिलेलं नसेल, तर नवा प्रोग्रामर ती अट बिनकामाची समजून उडवेल. कारणाची एक ओळ पुरली असती.

गैरसमज : रिलीजनंतर निवांत लिहू.
तो निवांतपणा कधीच येत नाही. कोडमधला बदल आणि माहितीतला बदल एकत्रच तपासायला द्यावा. दुसरा नसेल तर पहिला परत पाठवावा. पायथनचं डॉक्युमेंटेशन कोडच्याच रिपॉझिटरीत असतं, ते यासाठीच सोयीचं. शिवाय पायथनमध्ये ‘डॉकटेस्ट’ आहे. ते डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणं खरोखर चालवून पाहतं आणि लिहिलेलं उत्तर जुळलं नाही, तर कोणती ओळ शिळी झाली ते दाखवतं.