शाळा गावाची, जबाबदारी सर्वांची : कॅनडातील एका ग्रामीण शालेय जिल्ह्याची ओळख

आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांची मुले आणि नातवंडे आता कॅनडात स्थायिक झाली आहेत. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात एखादी आजी थांबते आणि काळजीने विचारते, "फादर, नातवाला तिथं पब्लिक स्कूलात घातलंय. पोराला फी झेपेल ना?" प्रश्न स्वाभाविक आहे. आपल्याकडे 'पब्लिक स्कूल' ही पाटी बहुधा महागड्या खाजगी शाळेवर दिसते. कॅनडात मात्र या शब्दाचा अर्थ शब्दशः घ्यायचा असतो : जनतेच्या पैशाने चालणारी, विनाशुल्क आणि सर्वांना खुली असलेली शाळा. तेव्हा आजीने निश्चिंत राहावे. परंतु या साध्या शब्दामागे एक मोठी व्यवस्था आणि एक मोठा प्रश्नही उभा आहे. 'सर्वांची शाळा' असे म्हणताना आपण कोणाकोणाला त्यात धरतो? हा प्रश्न समजून घेण्यासाठी आम्ही वाचकांना टोरांटोसारख्या महानगरात न नेता पश्चिमेकडील एका दरीखोऱ्यात नेऊ इच्छितो.

शालेय जिल्हा म्हणजे काय?

कॅनडात शिक्षण हा विषय संघराज्य सरकारकडे नसून प्रांतांकडे आहे. ब्रिटिश कोलंबिया या प्रांतात सार्वजनिक शाळांचा कारभार ६० शालेय जिल्ह्यांमार्फत चालतो. त्यांपैकी ५९ भौगोलिक असून एक फ्रेंच भाषिकांसाठी संपूर्ण प्रांतभर काम करतो. येथे 'जिल्हा' म्हणजे आपला महसुली जिल्हा नव्हे. केवळ शाळांपुरती आखलेली ती हद्द असते. प्रत्येक जिल्ह्याला मतदारांनी निवडून दिलेले विश्वस्तांचे मंडळ असते. २०१४ पासून ही निवडणूक दर चार वर्षांनी होते. पालक असो वा नसो, मतदार असलेला प्रत्येक रहिवासी यात मत देऊ शकतो. बालवाडीनंतरच्या पाच वर्षांच्या मुलापासून बारावीच्या विद्यार्थ्यापर्यंत सर्वांची जबाबदारी या मंडळावर असते.

प्रांताच्या दक्षिणेस, अमेरिकेच्या सीमेला लागून, केटल नदीच्या खोऱ्यात ५१ क्रमांकाचा 'बाउंडरी' शालेय जिल्हा आहे. १९९६ मध्ये प्रांताने लहान जिल्ह्यांचे एकत्रीकरण केले, तेव्हा ग्रँड फोर्क्स आणि केटल व्हॅली हे दोन जिल्हे मिळून तो तयार झाला. सुमारे ४,००० वस्तीचे ग्रँड फोर्क्स हे येथील सर्वांत मोठे नगर. जवळपास ४० किलोमीटर पश्चिमेला ग्रीनवूड आहे. कॅनडातील सर्वांत लहान 'शहर' म्हणून ते ओळखले जाते आणि २०२१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे ७०० होती. त्यापुढे तेवढेच छोटे मिडवे, मग रॉक क्रीक आणि उत्तरेला डोंगरात बीव्हरडेल. पूर्वेला क्रिस्टिना लेक. एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात मिळून विद्यार्थी दोन हजारांहूनही कमी! मुंबई-वसई परिसरातील एखाद्या मोठ्या शाळेचा पट याहून अधिक असतो.

पटसंख्येचे गणित

'पटसंख्या' हा शब्द उच्चारला की आपल्याही शिक्षकांच्या कपाळावर आठी पडते. कमी पटाच्या जिल्हा परिषद शाळांचे काय करावे, ही चर्चा महाराष्ट्रात नवी नाही. बाउंडरीसारख्या जिल्ह्यात तीच चिंता वेगळ्या हवामानात भेटते.

२००२ मध्ये ब्रिटिश कोलंबियाने निधीवाटपाची पद्धत बदलली आणि अनुदान मुख्यत्वे विद्यार्थ्यांच्या संख्येशी जोडले. शालेय कराचे दरही प्रांतच ठरवतो, त्यामुळे मंडळाला तूट पडली म्हणून मनाप्रमाणे कर वाढवता येत नाही. वर्गात २४ मुले असोत की १४, शिक्षक एकच लागतो, छप्पर तेवढेच लागते, हिमवर्षावात उष्णतेचा खर्चही तेवढाच येतो. वीस कुटुंबांनी गाव सोडले तर उत्पन्न घटते, खर्च मात्र जागच्या जागी राहतो. लहान वस्त्या, लांब अंतरे आणि थंड हवामान यांसाठी सूत्रात पूरक रकमांची तरतूद आहे, हे नमूद केले पाहिजे. तरीही ताळमेळ घालणे कठीण जाते.

या अडचणीतून बाउंडरीच्या मंडळाने २००० च्या दशकाच्या सुरुवातीला एक धाडसी मार्ग पत्करला : चार दिवसांचा शालेय आठवडा. अध्यापनाचे एकूण तास कायद्याने कमी करता येत नाहीत, म्हणून उरलेल्या चार दिवसांची वेळ वाढवण्यात आली. बसचे इंधन, इमारतींची ऊब आणि स्वच्छता यांवरील खर्च त्यामुळे वाचतो. परंतु शिक्षकांचे वेतन हा अंदाजपत्रकातील सर्वांत मोठा भाग त्याने कमी होत नाही. शिवाय बचतीचा काही भार बसचालक आणि सफाई कर्मचारी यांच्या तासांवर, म्हणजेच त्यांच्या पगारावर पडतो, आणि नोकरदार आई-वडिलांना पाचव्या दिवशी मुलांची सोय करावी लागते. काटकसरीचे बिल कोणीतरी भरतच असते. ते कोण भरतो, एवढेच बदलते.

दुसरा मार्ग वाटून घेण्याचा. मिडवे आणि ग्रीनवूड या शेजारी गावांनी प्राथमिक वर्ग वाटून घेतले, लहान मुले मिडवेत आणि मोठी ग्रीनवूडमध्ये. पश्चिम भागातील मुले पुढे मिडवेच्या माध्यमिक शाळेत जातात, पूर्वेकडील ग्रँड फोर्क्सला. पिवळी शालेय बस हा या साऱ्या व्यवस्थेचा कणा. बहुवर्ग अध्यापन, म्हणजे एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता, ही येथे नित्याची बाब आहे.

शाळा बंद झाली तर? गावातील व्यायामशाळा, सभागृह, निवडणुकीचे मतदान केंद्र, थंडीतला मुलांचा खेळ, हे सारे बहुधा त्या एका इमारतीत असते. शाळा नसलेल्या गावात तरुण कुटुंब घर घेत नाही, आणि कुटुंबे आली नाहीत की पट आणखी घटतो. म्हणूनच तेथील मंडळाला शाळा बंद करण्यापूर्वी लोकांशी जाहीर विचारविनिमय करावा लागतो. २०१६ मध्ये प्रांताने ग्रामीण शाळा वाचवण्यासाठी खास निधी जाहीर केला, आणि शेजारच्या खोऱ्यातील ओसोयूस येथील माध्यमिक शाळा बंद होता होता वाचली.

'सर्वांची' म्हणजे कोणाची?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ग्रीनवूड हे तांब्याच्या खाणींवर वाढलेले नगर. पहिल्या महायुद्धानंतर भट्ट्या विझल्या आणि वस्ती ओस पडली. १९४२ मध्ये कॅनडा सरकारने पॅसिफिक किनाऱ्यावरील सुमारे २२,००० जपानी वंशाच्या लोकांना घरादारांतून उठवले. त्यांतील बहुसंख्य कॅनडाचेच नागरिक होते. इतर अनेक गावांनी त्यांना नाकारले. ग्रीनवूडच्या नगराध्यक्षांनी मात्र दार उघडले. ऑटोनमेंटच्या फ्रान्सिस्कन संघाचे धर्मगुरू फादर बेनेडिक्ट क्विग्ली यांनी त्यासाठी पुढाकार घेतला आणि सुमारे १,२०० जण तेथे आले.

प्रांतिक सरकारने या मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी घेण्यास नकार दिला. कर भरणाऱ्या नागरिकांची ही मुले एका रात्रीत 'सार्वजनिक' या शब्दाबाहेर फेकली गेली! ग्रीनवूडमध्ये ऑटोनमेंटच्या फ्रान्सिस्कन भगिनींनी त्यांच्यासाठी वर्ग चालवले. अन्याय थांबवणे त्यांच्या हाती नव्हते, परंतु मुलांची पाटी कोरी राहू नये एवढे त्यांनी पाहिले. १९८८ मध्ये कॅनडा सरकारने या लोकांची जाहीर क्षमा मागितली.

याच खोऱ्यात रशियातून आलेले, युद्धविरोधी दुखोबोर लोकही स्थिरावले. त्यांच्यातील एका गटाने सरकारी शाळांवर विश्वास नसल्याने मुले पाठवली नाहीत. तेव्हा १९५३ ते १९५९ या काळात पोलिसांनी त्यांची मुले उचलून न्यू डेन्व्हर येथील वसतिगृहात ठेवली. ब्रिटिश कोलंबिया सरकारने २०२४ मध्ये त्याबद्दल माफी मागितली. जपानी मुलांना शाळा नाकारली गेली, दुखोबोर मुलांवर ती लादली गेली. दोन्ही वेळा घराचे म्हणणे कोणी ऐकले नाही.

येथे आपण ख्रिस्तसभेचे सभासद म्हणून केवळ इतरांकडे बोट दाखवू शकत नाही. कॅनडातील आदिवासींच्या निवासी शाळांपैकी बऱ्याच शाळा कॅथलिक संस्थांनी चालवल्या. मुलांना आई-वडिलांपासून आणि भाषेपासून तोडणाऱ्या त्या व्यवस्थेतील सहभागाबद्दल पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०२२ मध्ये मास्क्वासिस येथे जाऊन क्षमायाचना केली.

आपल्या पालकांसाठी

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. ओंटारिओ, आल्बर्टा आणि सस्कॅचेवान या प्रांतांत शासकीय निधीवर चालणाऱ्या कॅथलिक शाळा आहेत. ब्रिटिश कोलंबियात तशा नाहीत. तेथील कॅथलिक शाळा 'स्वतंत्र शाळा' म्हणून चालतात. १९७७ च्या कायद्यापासून त्यांना अंशतः अनुदान मिळते आणि उरलेला भार पालक व धर्मग्राम उचलतात. सार्वजनिक शाळांत नीतिमूल्ये शिकवली जातात, परंतु कोणत्याही धर्माची शिकवण देण्यास कायद्याने मनाई आहे. त्यामुळे तेथे स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांसाठी श्रद्धेचे शिक्षण हे घरचे आणि धर्मग्रामाचे काम ठरते. ते शाळेवर सोपवता येणार नाही.

मात्र त्या शाळेच्या कारभारापासून त्यांनी दूर राहू नये. विश्वस्तांच्या बैठका जनतेला खुल्या असतात, पालकांच्या सल्लागार समित्या असतात आणि नागरिकत्व मिळाल्यावर मतदानही करता येते. आजीने पुढच्या वेळी नातवाशी फोनवर बोलताना फीबरोबरच आणखी एक चौकशी करावी, असे आम्ही सुचवू : "तुझ्या वर्गात कोणी एकटं बसतं का रे?" सर्वांची म्हणवणारी शाळा खरोखर सर्वांची आहे की नाही, हे त्या उत्तरावरून पुष्कळसे कळते.