हवेतल्या सूक्ष्म कणांचा माग

हवेत तरंगणाऱ्या कणांपैकी आरोग्याला सर्वांत घातक असलेले कण डोळ्यांना दिसत नाहीत. रस्त्यावरची धूळ, परागकण असे मोठे कण बहुतांशी नाकात आणि घशातच अडतात. २.५ मायक्रॉन किंवा त्याहून कमी व्यासाचे कण मात्र थेट फुप्फुसांतल्या वायुकोशांपर्यंत पोचतात. केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढा हा आकार. डिझेल, कोळसा, लाकूड, कचरा, काहीही जळले की असे कण तयार होतात. शिवाय धुराड्यांतून निघणाऱ्या गंधकाच्या आणि नायट्रोजनच्या वायूंपासून हवेतल्या हवेत नवे कण बनतात, ते वेगळेच. ‘पीएम २.५’ हे त्यांचे नाव आता रोजच्या बातम्यांत असते.

डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस कोळशाच्या धुराचे दाट धुके साचले आणि हजारो माणसे दगावली. अशा आपत्तीत कारण शोधावे लागत नाही. कठीण प्रश्न रोजच्या, सवयीच्या झालेल्या हवेचा होता. ती हळूहळू जीव घेत असेल तर ते ओळखायचे कसे? मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून हवा सहसा लिहिली जात नाही.

हार्वर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी यासाठी अमेरिकेतली सहा शहरे निवडली आणि सत्तरच्या दशकात आठ हजारांहून अधिक प्रौढांची नोंद केली. प्रत्येकाचे वय, वजन, शिक्षण, धूम्रपान, कामाच्या ठिकाणची धूळ हे सारे टिपून १४ ते १६ वर्षे त्यांचा पाठपुरावा केला. डग्लस डॉकरी आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ओहायो नदीकाठच्या स्ट्यूबेनव्हिल या पोलादाच्या शहरात पीएम २.५ घनमीटरला सुमारे ३० मायक्रोग्रॅम होते, तर विस्कॉन्सिनमधल्या पोर्टेज या लहान गावात ११. धूम्रपानासारखे घटक हिशेबातून वजा केल्यावरही स्ट्यूबेनव्हिलमधला मृत्युदर पोर्टेजपेक्षा २६ टक्क्यांनी अधिक होता. आज ३० हा आकडा आपल्याकडच्या कित्येक शहरांना हेवा वाटावा असा आहे.

या अभ्यासाच्या आधारे अमेरिकी सरकार नियम कडक करू लागले, तशी उद्योगांनी मूळ माहिती उघड करण्याची मागणी केली. सहभागी लोकांना तर गोपनीयतेचे वचन दिलेले. अखेर सरकार आणि मोटारउद्योग या दोघांच्याही पैशावर चालणाऱ्या एका संस्थेकडे फेरतपासणी सोपवली गेली. डॅनियल क्रेव्स्की यांच्या पथकाने सगळी आकडेमोड नव्याने केली आणि २००० मध्ये मूळ निष्कर्ष कायम ठेवला. संशयखोरांनी विज्ञानाची अशी सेवा क्वचितच केली असेल.

तरीही आकडेवारीतला संबंध म्हणजे कारण नव्हे, हा आक्षेप उरतोच. त्याला उत्तर देणारा एक प्रयोग नकळतच घडून गेला होता. यूटा राज्यातल्या एका खोऱ्यातला पोलादकारखाना १९८६-८७ मध्ये सुमारे वर्षभर बंद राहिला. पेशाने अर्थशास्त्रज्ञ असलेल्या आर्डेन पोप यांनी रुग्णालयांच्या नोंदी चाळल्या, तेव्हा त्या हिवाळ्यात श्वसनविकारांनी दाखल होणाऱ्या मुलांची संख्या निम्म्यावर आल्याचे दिसले. कारखाना सुरू झाला आणि मुले पुन्हा येऊ लागली. पुढे त्या काळातले हवामापनाचे जुने फिल्टर शोधून काढून त्यांवरच्या कणांचा अर्क स्वयंसेवकांच्या श्वासनलिकेत सोडण्यात आला. कारखाना चालू असतानाच्या कणांनी दाह निर्माण केला; बंद काळातल्या कणांनी तेवढा केला नाही.

आता कोडे हृदयाचे होते. श्वासातून आत गेलेल्या कणांचा सर्वांत मोठा तडाखा हृदयाला बसतो, हे मृत्यूच्या आकड्यांतून दिसत होते. पण वाट कोणती? पुढे पुण्यात फुप्फुसविकारांवर काम करणारे डॉ. संदीप साळवी आणि त्यांच्या युरोपीय सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. १५ निरोगी स्वयंसेवकांना तासभर पातळ केलेला डिझेलचा धूर देण्यात आला. फुंकर मारून करायच्या नेहमीच्या चाचणीत काहीच फरक दिसला नाही. मात्र सहा तासांनी फुप्फुसांत दाह होता आणि रक्तात पांढऱ्या पेशी व प्लेटलेट वाढल्या होत्या. ज्यांना ‘काही होत नाही’ त्यांच्याही शरीरात बरेच काही चालू होते. २००७ मध्ये एडिंबरोच्या संशोधकांनी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या २० पुरुषांवर असाच प्रयोग केला. व्यायाम करताना हृदयस्नायूला रक्त अपुरे पडल्याची खूण ईसीजीवर अधिक ठळक उमटली आणि गुठळी विरघळवणाऱ्या द्रव्याचा स्राव घटला. दशकभराने त्याच शहरात स्वयंसेवकांनी श्वासातून घेतलेले सोन्याचे अतिसूक्ष्म कण रक्तात सापडले, आणि काही रुग्णांच्या मानेतल्या धमनीत साचलेल्या थरांतही.

फुप्फुसांची हानी अधिक सरळ आहे, पण तिला वयाचे बंधन नाही. दक्षिण कॅलिफोर्नियात मुलांना दहाव्या ते अठराव्या वर्षापर्यंत तपासले, तेव्हा सर्वांत प्रदूषित भागात श्वासक्षमता कमी राहिलेल्यांचे प्रमाण सुमारे ८ टक्के निघाले. स्वच्छ भागात ते २ टक्क्यांहूनही कमी होते. पुढच्या पिढीत हवा सुधारली, तशी फुप्फुसांची वाढही सुधारली. भारतात यात चुलीचा धूर मिळवायला हवा. आयुष्यात विडी न ओढलेल्या बायकांना होणाऱ्या सीओपीडी या जुनाट श्वसनविकारामागे तो मोठे कारण आहे, आणि रस्त्यावरची मापन यंत्रे स्वयंपाकघरात डोकावत नाहीत.

धोका कणांच्या प्रमाणात सरळ रेषेत वाढत नाही, ही गोष्ट धोरणासाठी सर्वांत अवघड आहे. स्वच्छ हवेच्या टोकाला तो झपाट्याने चढतो आणि पुढे चढ मंदावतो. त्यामुळे फार खराब हवा थोडी सुधारली, तर आरोग्याचा लाभ अपेक्षेपेक्षा कमी मिळतो. खरा लाभ नंतरच्या, अधिक खर्चाच्या टप्प्यांत असतो. पूर्णपणे निर्धोक अशी पातळी अजून सापडलेली नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने वार्षिक सरासरीची शिफारस २०२१ मध्ये १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली. २००९ मध्ये ठरलेले भारताचे मानक ४० आहे.