बुरशी आलेलें खत आणि कोवळीं रोपें

मृगाच्या सरी आल्या कीं सपरीच्या कोपऱ्यांत पडून राहिलेलें कंपोस्टाचें पोतें उघडण्याची वेळ येते, आणि पुष्कळदां आंत पांढऱ्या कापसासारखी बुरशी दिसते. मग घरांत दोन मतें होतात. एक म्हणतो, खत नासलें, टाकून द्या; दुसरा म्हणतो, खत तें खतच, पेरा खुशाल. विद्यार्थिमित्रहो, दोघेही थोडे थोडे चुकतात. मिरचीचें किंवा वांग्याचें रोप वाफ्यांत एकदां मेलें, तर दुसरें तयार होईपर्यंत महिना उलटतो आणि लावणीचा हंगाम हातचा जातो. म्हणून हा प्रश्न नीट समजून घेणें अगत्याचें आहे.

प्रथम आपल्या जंगलाकडे पाहूं. श्रावणांत सागाच्या कुजलेल्या पानांचा थर उचलला, तर खालीं पांढरे तंतू पसरलेले आढळतात, आणि त्याच जागीं नवीं रोपें उगवलेलीं असतात. हे तंतू मेलेल्या पानांवर व काड्यांवर जगतात. जिवंत रोपास ते सहसा शिवत नाहींत. पावसाळ्यांत ज्या सात्या आपण आवडीनें खातों, त्याही बुरशीचींच फळें होत! आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनीं इंदूर येथें काडीकचरा आणि शेण यांपासून खत करण्याची जी रीत बसविली व १९३१ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली, तींतही आरंभीं बुरशीच काम करते. ढीग वेळोवेळीं उलथून सुमारें तीन महिन्यांत खत तयार होतें. तेव्हां पोत्यांतील पांढरी बुरशी ही बहुधा अपुऱ्या राहिलेल्या कामाची खूण समजावी. हिरवट बुरशी कदाचित् ट्रायकोडर्माही असेल. ही जात रोगकारक बुरशींवर तुटून पडते, आणि शेतकरी ती विकत आणून बियांस चोळतात. नुसत्या रंगावरून मात्र जात ओळखतां येत नाहीं.

मग रोपें मरतात कशानें? जमिनीलगत देंठ बारीक व पाणचट होतो आणि काल टवटवीत असलेलें रोप आज आडवें पडतें. हें काम पिथियम, रायझोक्टोनिया अशा रोगजंतूंचें. ते बहुधा डोळ्यांस दिसतच नाहींत. पिथियमचीं सूक्ष्म बीजें तर पाण्यांतून पोहत जातात. म्हणून आषाढाच्या झडींत, दाट पेरलेल्या, निचरा नसलेल्या वाफ्यांत त्याचें फावतें. वाफा वीतभर उंच करावा, बीं विरळ पेरावें, आणि जुन्या कुंड्या धुऊन घ्याव्या. एवढ्यानें अर्धें संकट टळतें.

दुसरा धोका अर्धकच्च्या खताचा आहे, आणि तो ओळखण्यास नाकासारखें साधन नाहीं. पहिल्या पावसांतील मातीचा वास येत असेल तर खत पिकलें. आंबूस किंवा नाकांत झोंबणारा वास येत असेल, अथवा मुठींत ऊब लागत असेल, तर त्यांत बीं पेरूं नये. तें ढिगांत परत घालावें.

वास चांगला असून मन साशंक असेल, तर उन्हाचा उपयोग करावा. चंद्रपूरच्या मे महिन्याला आपण सारे शिव्या देतों, पण येथें तो कामास येतो. खत किंचित् ओलें करून पातळ पसरावें, पारदर्शक प्लॅस्टिकनें घट्ट झांकावें आणि चार ते सहा आठवडे तसेंच ठेवावें. त्या उष्णतेनें पुष्कळ रोगजंतू मरतात. अर्थात् हें पावसाच्या आधीं केलें पाहिजे. धानाच्या पऱ्ह्यांस एवढा खटाटोप लागत नाहीं.

पालकांस एक विनंति. कोरडें, बुरसलेलें पोतें बंद खोलींत झटकूं नये व मुलांस झटकूं देऊं नये. ती धूळ दम्याच्या माणसास फार बाधते. ऑस्ट्रेलियांत १९८९ सालीं कुंड्यांच्या मातींतील एका जंतूमुळें कित्येकांस फुप्फुसाचा ज्वर आल्याचें आढळलें. खतावर आधीं पाणी शिंपडावें, नाकास फडकें बांधावें, आणि नंतर साबणानें हात धुवावे.

सरतेशेवटीं परीक्षा. दोन करवंट्या घ्याव्या. एकींत नुसती चांगली माती, दुसरींत तीच माती व तितकेंच शंकेचें खत घालून प्रत्येकींत मोहरीचे वीस दाणे पेरावे. आठवड्यानें मोजावें. दुसरींत बरेच कमी उगवले किंवा उगवून आडवे झाले, तर तें खत आंब्याच्या आळ्यांत घालावें; मिरचीच्या वाफ्यांत नको.