रात्रीच्या हळू आवाजासाठी व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर

इशाची नमाज झाली की आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये अब्बांची ऐकण्याची वेळ सुरू होते. पलीकडच्या खोलीत नातू झोपलेला, वर-खाली शेजारी. आवाज हॉलबाहेर जायला नको. पण कारी अब्दुल बासित श्वास घेतात तो कळला पाहिजे आणि बेगम अख्तरांचा आवाज वरच्या सुरात किंचित फुटतो, ती जागाही निसटायला नको. जुन्या नाशकातल्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता. अब्बांना तसाच अॅम्प्लिफायर हवा होता. स्पीकर घरात होते, बजेट २० हजारांचं.

पहिल्या खरेदीत आम्ही फसलो. ऑनलाइन मागवलेल्या डबीत दोन इवले व्हॉल्व्ह नारिंगी उजळत होते, खोक्यावर १०० वॅट लिहिलेलं आणि वजन किलोभरही नाही! स्पीकर चालवण्याचं काम आतली चिप करत होती, व्हॉल्व्ह फक्त दाराशी उभे. खऱ्या व्हॉल्व्हच्या स्टीरिओ सेटमध्ये सहसा तीन ट्रान्सफॉर्मर असतात: एक विजेचा, दोन आऊटपुटचे. त्यामुळे तो उचलताना हात भरून येतो. पैसा खरा त्या लोखंड-तांब्यात जातो, तिथे काटकसर केलेला सेट घेऊ नये.

वॅटचा मोह सोडावा. आमच्या स्पीकरवर ८८ डेसिबल लिहिलंय, म्हणजे एका वॅटला एक मीटरवर तेवढा आवाज. रात्री ६८ डेसिबल पुरे झाले तर लागतो वॅटचा शंभरावा भाग. मधूनच सूर चढला तरी एक वॅट खूप झाला. ईएल-८४ जातीचा एकेक व्हॉल्व्ह दोन्ही बाजूंना असलेला साधा सेट तीनेक वॅट देतो.

हळू ऐकणाऱ्याचा खरा शत्रू म्हणजे गुणगुण. दुसरा सेट घरी आणून पाहिला, तर दोन आयतींमधल्या शांततेत भूंऽऽ ऐकू यायचं. अब्बा म्हणाले, "आयत संपते, हे काही संपत नाही." दिवसा दुकानात, रस्त्याच्या गोंगाटात, हे कळत नाही. म्हणून सेट रात्री घरी लावून बघण्याची परवानगी मागा. काही न वाजवता, नेहमीच्या जागी बसून ऐका.

आवाजाचं बटनही तपासा. स्वस्त बटनात सुरुवातीच्या फिरकीत एकच बाजू वाजते, आणि आपण तर तिथेच ऐकणार! मोबाइलचा आवाज थोडा उतरवून बटन जरा पुढे नेलं, तर बऱ्याचदा दोन्ही बाजू सारख्या होतात.

आवाज कमी केला की खर्ज हरवल्यासारखा वाटतो, तो दोष सेटचा नव्हे, कानाचा. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं. आम्ही स्पीकर भिंतीजवळ सरकवले आणि अब्बांची खुर्ची पुढे ओढली. फुकटात बराच फरक पडला. खरं सांगायचं तर बारकावे चांगल्या ट्रान्झिस्टर सेटवरही तितकेच ऐकू येतात, आणि स्वस्तातही. व्हॉल्व्ह घ्यायचा तो त्याच्या गोडव्यावर जीव असेल तरच.

शेवटी मुंबईच्या एका कारागिराने बांधलेला, वापरलेला सेट बजेटमध्ये मिळाला. स्पीकरची तार सुटलेली असताना तो चालू करायचा नाही, आऊटपुटचा ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आत अडीचशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये काही वेळ टिकतो. त्यामुळे घरी उघडायचा नाही. काच तापते, म्हणून वर जाळी बसवली. जाळीने उजेड झाकला जातो, अशी अब्बांची तक्रार आहे. नातू शाळेत जायला लागेपर्यंत ती काढायची नाही, असं अम्मीने बजावून ठेवलंय.